निरोगी माणसाचा होकार

फेब्रुवारी २०२२ मध्ये आमच्या शहापूर तालुक्यातील वेहळोली गावात एका पोल्ट्रीतल्या शंभरेक कोंबड्या मेल्या. नमुने तपासल्यावर तो बर्ड फ्लू, म्हणजे एच५एन१ विषाणू असल्याचे निष्पन्न झाले आणि एक किलोमीटरच्या परिसरातील सुमारे २५ हजार कोंबड्या मारण्याचे ठरले. बाजारात चिकनच्या दुकानांवर शुकशुकाट झाला. आमच्या उर्दू शाळेत ज्यांच्या घरी हा धंदा आहे अशी मुले थोडीथोडकी नाहीत. त्यांपैकी सातवीतला एक मुलगा एरवी मागच्या बाकावर गप्प बसायचा. त्या आठवड्यात त्याने हात वर केला.

"सर, कोंबड्या मारायला जे लोक गेलेत, त्यांनाही फ्लूची गोळी देतात म्हणे. ते तर आजारी नाहीत."

आम्ही सांगितले, की अशा पथकातील माणसांना खबरदारी म्हणून टॅमिफ्लूसारखे औषध द्यावे, असे सरकारी नियमावलीतच आहे. आजार होण्याआधीच बंदोबस्त.

"पण आजारी नसलेल्या माणसाला ती गोळी सोसते, हे आधी कोणी पाहिलं?"

वर्ग हसला. तास संपत आला होता, म्हणून आम्हीही "ते डॉक्टर लोक पाहतात" असे म्हणून वेळ मारून नेली. बी.एड.ला आम्हाला शिकवले होते, की उत्तर माहीत नसेल तर विद्यार्थ्याला तसे स्पष्ट सांगावे. परीक्षेत त्यावर आम्ही चांगले गुणही मिळवले होते. असो. प्रश्न मात्र डोक्यातून गेला नाही, आणि पुढे दोन वर्षांनी तो वेगळ्याच वाटेने आमच्या दारात येऊन उभा राहिला. ती हकिकत पुढे येईल. आधी त्या मुलाला जे उत्तर द्यायला हवे होते, ते इथे देतो.

कोणतेही नवे औषध रोग्याला देण्याआधी बहुधा ते मूठभर निरोगी माणसांना दिले जाते. त्यांना त्या औषधाची काडीचीही गरज नसते, त्यापासून त्यांना फायदा होणार नसतो. औषध रक्तात किती चढते, किती वेळ टिकते, कोणत्या वाटेने बाहेर पडते आणि त्रास काय देते, एवढेच पाहायचे असते. रोग्यावर हे नीट दिसत नाही. त्याला ताप असतो, उलट्या होत असतात, मूत्रपिंड थकलेले असते. काय औषधामुळे झाले आणि काय आजारामुळे, हे वेगळे काढता येत नाही. हा विचार आजकालचा नव्हे. हजार वर्षांपूर्वी इब्न सीनाने आपल्या 'अल-कानून' ग्रंथात औषध पारखण्याचे जे नियम घालून दिले, त्यांत औषध गुंतागुंतीच्या नव्हे तर साध्या, एकेरी आजारावर पाहावे असे सांगितले होते, आणि पारख शेवटी माणसाच्या शरीरावरच व्हायला हवी, जनावरावरून माणसाचा निकाल लावता येत नाही, असेही बजावले होते. आपल्या सभासंमेलनांत इब्न सीनाचे नाव अभिमानाने घेतले जाते. त्याने सांगितलेली पारख ज्याच्या शरीरावर होते, त्या माणसाचा विषय मात्र आम्ही अशा कोणत्याही व्यासपीठावर ऐकलेला नाही.

एका औषधाचे हे झाले. दोन औषधे एकत्र दिली तर?

आम्ही सहावीला उर्दू व्याकरणात मुफ्रद आणि मुरक्कब शिकवतो. मुफ्रद म्हणजे एकेरी, मुरक्कब म्हणजे जोडून झालेला. युनानी हकीमही औषधांचे हेच दोन प्रकार सांगतात. मुलांना आमचे ठरलेले उदाहरण 'आबरू' हे. आब म्हणजे पाणी, रू म्हणजे चेहरा. दोन्ही शब्दांचे अर्थ पाठ असलेल्या मुलालाही जोडशब्दाचा अर्थ आपोआप कळत नाही. पाणी आणि चेहरा यांच्या बेरजेतून अब्रू निघेल, असे कोणाला सुचेल? औषधांचेही तसेच आहे. दोन्हींचे गुण वेगवेगळे ठाऊक असले, तरी एकत्र आल्यावर ती काय करतील ते पाहिल्यावाचून कळत नाही.

फ्लूच्या बाबतीत दोन औषधे जोडण्याची गरज का पडली, तेही सांगायला हवे. या विषाणूचा स्वभावच रूप बदलण्याचा. अमांटाडीन हे फ्लूवरचे जुने औषध. विषाणू त्याला असा सरावला, की जानेवारी २००६ मध्ये अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने ते फ्लूसाठी वापरू नका असे सांगितले. पुढच्याच महिन्यात आपल्याकडे नंदुरबार जिल्ह्यातील नवापूरला देशातला पहिला बर्ड फ्लू आढळला आणि ओसेल्टामिविर, म्हणजेच टॅमिफ्लूतले मूळ द्रव्य, हे नाव मराठी वर्तमानपत्रांत येऊ लागले. सिप्ला आणि हेटेरो या भारतीय कंपन्यांनी ते बनवले. पण २००७-०८ च्या हिवाळ्यात युरोपात नेहमीच्या फ्लूचा एक प्रकार ओसेल्टामिविरलाही दाद देईनासा झाला. मग २००९ साली स्वाइन फ्लू आला. ३ ऑगस्ट २००९ रोजी पुण्यात एका १४ वर्षांच्या शाळकरी मुलीचा मृत्यू झाला, तो त्या साथीतला भारतातला पहिला. तेव्हा शाळा बंद झाल्या, तोंडाला रुमाल बांधून लोक फिरू लागले. या नव्या विषाणूवर अमांटाडीन निकामी होते, ओसेल्टामिविर चालत होते. पण किती दिवस चालेल याची खात्री कोण देणार? क्षयरोगात एका औषधाने भागत नाही म्हणून चार-चार औषधे एकदम देतात, हे आपल्या खेड्यापाड्यांत आता सर्वांना माहीत आहे. तोच विचार इथे झाला. विषाणू एका दारातून निसटला तर दुसऱ्या दारात अडवू.

पण दोन औषधे एकाच शरीरात सोडायची म्हणजे आधी ती एकमेकांच्या वाटेत येतात का, हे बघणे आले. ओसेल्टामिविर पोटात गेल्यावर यकृतात पालटून कामाचे रूप घेते आणि मूत्रपिंडावाटे बाहेर पडते. अमांटाडीनही मूत्रपिंडावाटेच जाते. एकाच दारातून दोघांना जायचे तर चेंगराचेंगरी होणार का? ही शंका पोकळ नव्हती. प्रोबेनेसिड नावाचे संधिवाताचे एक जुने औषध आहे. ते मूत्रपिंडाचे एक दार अडवून धरते. पेनिसिलीन नवे आणि दुर्मीळ होते तेव्हा ते शरीरात जास्त वेळ टिकावे म्हणून त्याच्या जोडीला हे देत असत. ओसेल्टामिविरबरोबर ते दिले तर रक्तातले कामाचे औषध दुपटीहून अधिक चढते, हे निरोगी माणसांच्या रक्तावरूनच कळले. बर्ड फ्लूच्या भीतीने टॅमिफ्लूचा तुटवडा पडेल असे वाटत होते, तेव्हा थोडक्यात जास्त भागवण्याची ही युक्ती गंभीरपणे चर्चेत होती. गृहिणी पाहुणे वाढले की आमटीत पाणी वाढवते, त्यातलाच प्रकार. फरक इतकाच, की इथे आमटी बिघडली तर माणूस दगावू शकतो.

अमांटाडीन आणि ओसेल्टामिविर यांची जोडी १७ निरोगी स्वयंसेवकांवर पाहिली गेली, तो अहवाल २००७ साली प्रसिद्ध झाला. अशा चाचणीची रीत साधी असते. कधी एकच औषध, कधी दुसरे, कधी दोन्ही मिळून, अशा पाळ्या एकाच माणसाला देतात. प्रत्येक वेळी ठरावीक तासांनी रक्त काढतात आणि आकडे ताडून पाहतात. त्या १७ जणांत ही दोन औषधे एकमेकांच्या वाटेत आली नाहीत. पुढे बँकॉकच्या संशोधकांनी १६ निरोगी थाई माणसांवर तोंडावाटे ओसेल्टामिविर आणि शिरेतून झानामिविर अशी जोडी पाहिली. २०११ साली त्याचा अहवाल आला, तिथेही भांडण नव्हते. आता गंमत अशी, की भांडण नाही म्हणजे मैत्री आहे असे होत नाही. फ्रान्समध्ये २००८-०९ च्या हिवाळ्यात ५४१ फ्लूच्या रुग्णांचा अभ्यास झाला. त्यात ओसेल्टामिविर आणि ओढून घ्यायचे झानामिविर ही जोडी एकट्या ओसेल्टामिविरपेक्षा कमीच उपयोगी ठरली. निरोगी माणसाचे रक्त एवढेच सांगू शकते, की दोन औषधे एका घरात नांदतील. त्या घराची भरभराट होईल की नाही, ते रुग्णच सांगतात.

आणि त्या १७ जणांनी जे अमांटाडीन गिळले, त्याला फ्लूचा विषाणू तोवर जुमानेनासाच झाला होता. म्हणजे त्यांनी दंडात सुया टोचून घेऊन जे सत्य मिळवून दिले, त्याचा रुग्णांना फारसा उपयोग झाला नाही. म्हणून ते वाया गेले असे आम्ही म्हणणार नाही. पण होकार देणाऱ्याला हेही आधी कळले पाहिजे, की तुझ्या रक्ताच्या आकड्यांतून काहीच निघणार नाही असेही होऊ शकते.

या होकाराचा इतिहास आपल्या मुंबईत फार जुना आहे. १८९६ साली मुंबईत प्लेग आला. वॉल्डेमार हाफकिन यांनी भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी पहिली सुई स्वतःला टोचून घेतली. त्यांना ताप आला, अंग दुखले, पण ते बरे झाले. त्यानंतर काही स्वयंसेवक पुढे आले. त्याच महिन्याच्या अखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला, तेव्हा कैद्यांतील जे तयार झाले त्यांना लस दिली गेली. लोकांच्या मनात लसीबद्दल भय होते. तेव्हा अवघ्या विशीतले आगाखान तिसरे यांनी लोकांसमोर लस टोचून घेतली, हाफकिनांना प्रयोगशाळेसाठी जागाही दिली, आणि त्यांच्या खोजा जमातीतल्या असंख्य लोकांनी त्यांचे पाहून लस घेतली.

एकच सुई आणि तीन होकार. हाफकिन यांना सुईत काय आहे ते पुरते ठाऊक होते. आगाखान यांना कदाचित तेवढे ठाऊक नसेल, पण नको म्हणायला ते पूर्ण मोकळे होते. नाही म्हटल्याने त्यांच्या ताटातली एक पोळी कमी होणार नव्हती. आणि कैदी? त्यांच्याही तोंडून 'हो' हाच शब्द निघाला. साहेबाने विचारल्यावर तुरुंगातला माणूस हो म्हणतो, त्यात त्याची इच्छा किती आणि भिंतीची उंची किती, हे आज कसे मोजणार? लस उपयोगी ठरली, म्हणून इतिहासाने कैद्यांच्या होकाराची फारशी चौकशी केली नाही. आम्हाला मात्र तो तिसरा होकारच जवळचा वाटतो, कारण आमच्या ओळखीची माणसे त्याच जातीचा होकार देत असतात. भिंती तेवढ्या दिसत नाहीत.

आता ती हकिकत.

२०२४ च्या पावसाळ्याआधी आमचा एक माजी विद्यार्थी भेटायला आला. मूळ मुरबाडचा. वडील नाहीत, अम्मी शिवणकाम करते, धाकटा भाऊ कॉलेजात. हा बारावीनंतर मुरबाडच्या औद्योगिक वसाहतीत कंत्राटावर लागला होता, ते कंत्राट संपले होते. कल्याणच्या एका मित्राने त्याला एका केंद्राची वाट दाखवली होती. तिथे निरोगी तरुणांना दोन-तीन रात्री ठेवतात, जेवण देतात, औषध देतात, रक्त घेतात आणि एका खेपेला महिन्याच्या पगाराएवढे पैसे देतात. ते केंद्र कुठले, हे इथे सांगण्याचे कारण नाही. आमचे म्हणणे त्या केंद्राविषयी नाहीच.

"सर, फॉर्म दिलाय. मराठीत आहे. सही करून न्यायचाय. तुम्ही एकदा बघा."

अठरा पानांचा फॉर्म होता. दोन औषधे वेगवेगळी आणि मग एकत्र दिल्यावर रक्तात काय होते, ते त्यांना पाहायचे होते. आम्ही त्याला म्हणालो, तूच वाच मोठ्याने. त्याने वाचायला सुरुवात केली. पहिलीपासून उर्दूत शिकलेला मुलगा, मराठी दुसरी भाषा म्हणून घेतलेली, तरी अडखळला नाही. 'परस्परक्रिया', 'प्रतिकूल परिणाम', 'स्वेच्छेने' हे सगळे शब्द त्याने बिनचूक उच्चारले. दोन पाने झाल्यावर आम्ही विचारले, "आता पुस्तक मिटून तुझ्या शब्दांत सांग." तो आमच्याकडे पाहत राहिला. त्याला एक वाक्य सांगता येईना.

आपल्या समाजाला यात नवल वाटू नये. आपली बहुतेक मुले लहानपणी कुराण शरीफ नाजिरा पढतात, अरबी अक्षर न अक्षर शुद्ध उच्चारतात, अर्थ मात्र फार थोड्यांना येतो. तिथे त्या पठणालाही आपण सवाब मानतो. अठरा पानांच्या संमतिपत्राचे नाजिरा करून मात्र काही पदरात पडत नाही. कायद्याने इथे एक फट ठेवली आहे. ज्याला वाचता येत नाही, त्याच्यासाठी निःपक्षपाती साक्षीदार हजर असावा, असा नियम आहे. ज्याला वाचता येते त्याच्यासाठी साक्षीदाराची अट नाही, कारण ज्याने वाचले त्याला समजले असे गृहीत धरले जाते. वर्गात रोज सात-सात तास काढणारा कोणताही शिक्षक हे गृहीत धरणार नाही.

इथे आमचाही एक गुन्हा कबूल करतो. नोव्हेंबर २०१८ मध्ये राज्यभर गोवर-रुबेला लसीकरणाची मोहीम सुरू झाली. ती प्रयोग नव्हता. लस पारखलेली, मुलांच्या भल्याचीच होती. तरी उर्दू शाळांतल्या पालकांत नाना अफवा पसरल्या होत्या. आमच्यावर पट भरून दाखवण्याचा दबाव होता. आम्ही पालकांना बसवून समजावून सांगायला हवे होते, की गोवर काय करतो, रुबेलाने पोटातल्या बाळाचे काय होते. त्याऐवजी आम्ही मुलांना एवढेच सांगितले, की उद्या सही आणा. एका मुलीने विचारले, अब्बांनी विचारलं कशाची सही, तर काय सांगू? आम्ही म्हणालो, सांग सरांनी मागितलीय. लस चांगली होती, म्हणून काही बिघडले नाही. पण ती सही आमच्या धाकाची होती.

हीच गोष्ट प्रयोगात घडली तर काय होते, ते आंध्रातल्या खम्मम जिल्ह्यात दिसले. तिथे आणि गुजरातेत वडोदऱ्याला २००९ साली एचपीव्ही लसीचा अभ्यास सुरू झाला. मुली बऱ्याचशा गरीब घरच्या, आश्रमशाळांच्या वसतिगृहांत राहणाऱ्या. सात मुलींच्या मृत्यूनंतर २०१० मध्ये तो थांबवण्यात आला. मृत्यूंचा लसीशी संबंध चौकशीत सिद्ध झाला नाही. पण दुसरी एक गोष्ट उघड झाली आणि २०१३ च्या संसदीय समितीने तिच्यावर कडक ताशेरे ओढले. कितीतरी मुलींच्या संमतिपत्रांवर पालकांच्या जागी वसतिगृहाच्या वॉर्डनच्या सह्या होत्या. शहापूर-मुरबाडच्या डोंगराकडेला आश्रमशाळा आहेत, तिथले शिक्षक आमचे मित्र आहेत. ती बातमी वाचून आम्ही त्या वॉर्डनना नावे ठेवू शकलो नाही. आमचाही हात त्याच पेनाने लिहिणारा.

तर आम्ही तो फॉर्म पुन्हा सुरुवातीपासून घेतला. शाळा सुटल्यावर व्हरांड्यात बसून दोन दिवस. धोका काय, तेही सांगितले. लंडनच्या नॉर्थविक पार्क रुग्णालयाच्या आवारात १३ मार्च २००६ रोजी सहा निरोगी तरुणांना एक नवे औषध थोड्याथोड्या मिनिटांच्या अंतराने टोचले गेले आणि दीडेक तासात सहाही जणांना त्रास सुरू झाला. अवयव निकामी होण्याची वेळ आली. सगळे वाचले, पण मोठी किंमत मोजून. ते अगदीच नवे औषध होते, तुझ्या फॉर्मातली औषधे आधीपासून वापरात आहेत, त्यामुळे तसे होण्याची शक्यता फार कमी, हेही सांगितले. २०१९ च्या नियमांप्रमाणे चाचणीमुळे इजा झाली तर मोफत उपचार आणि भरपाई हा तुझा हक्क आहे, मधूनच सोडून येण्याचाही हक्क आहे. त्याला ते पटत गेले. स्वतःच्या शब्दांत तो सांगूही लागला. आणि तेराव्या पानावर तो थांबला.

मागील तीन महिन्यांत आपण अन्य चाचणीत भाग घेतला आहे काय?

"सर, गेल्या महिन्यात मी दुसरीकडे एकदा जाऊन आलोय. ते लिहायचं?"

खरे सांगतो, या प्रश्नापर्यंत आमचा समज असा होता, की या साऱ्यात एकच पक्ष दुबळा आहे आणि फसवणूक झाली तर त्याचीच होणार. आता कळले, की गरज माणसाला खोटे बोलायला लावते तेव्हा फसणाऱ्यांची रांग लांब होते. दोन औषधे रक्तात काय करतात हे पाहण्यासाठी निरोगी, कोरे शरीर हवे. याच्या शरीराला महिन्याभरापूर्वी तिसरेच काही दिले गेलेले. ते उतरले असेल, नसेल. उतरले नसेल तर याच्या जिवाला धोका. याच्या रक्तातून निघालेला आकडा कोणत्या जोडीचा, हे कोणाला कळणार नाही. आणि तो चुकीचा आकडा एक दिवस एखाद्या डॉक्टरच्या पुस्तकात जाऊन बसेल, त्यावरून एखाद्या रुग्णाची मात्रा ठरेल. जे मुरक्कब तपासायला सगळे जमले, त्यापेक्षा निराळेच मुरक्कब त्या पलंगावर झोपलेले असेल.

आम्ही त्याला म्हणालो, लिही. शरीर अल्लाहची अमानत आहे, तुझ्या मालकीची जिन्नस नव्हे, आणि ज्याला तू कधी पाहणार नाहीस अशा रोग्याशी खोटे बोलणे हेही खोटेच. त्याने लिहिले. तो फॉर्म घेऊन मुरबाडहून कल्याण, पुढे लोकल, असा अर्धा दिवस प्रवास करून गेला. त्यांनी तेरावे पान पाहिले, नम्रपणे सांगितले, की तीन महिने झाल्यावर या, आणि परत पाठवले. नियमाप्रमाणे अगदी बरोबर केले.

पुढच्या रविवारी आम्ही किन्हवली-सरळगावमार्गे एस.टी.ने मुरबाडला त्याच्या घरी गेलो. थोडे अपराधी वाटत होते. अम्मीने चहा दिला. मशीन चालवता चालवताच त्या म्हणाल्या, "सर, तुमचं खरंच होतं. पण खरं बोलायला आमच्या खिशातून गेले. भाऊभाऊ दोघं त्या पैशावर अवलंबून होते. धाकट्याची फी राहिली."

आम्ही काहीतरी बोलायचे म्हणून बोललो, की या कामाला इतके पैसे देऊच नयेत, म्हणजे गरिबाला मोह होणार नाही. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वेही सांगतात, की मोबदला प्रलोभन ठरेल एवढा नसावा.

त्या हसल्या. "म्हणजे पैसे कमी केले की गरीब जाणार नाही? गरीबच जाणार. फक्त कमी पैशात."

याला आमच्याजवळ उत्तर नव्हते, आजही नाही. शहापूर तालुक्यात भातसा आहे, तानसा आहे, वैतरणेवरचे मोडक सागर आहे. मुंबई त्या पाण्यावर जगते, आणि चैत्र-वैशाखात आमच्या पाड्यांवर टँकर येतो. देण्याला आमचा विरोध कधीच नव्हता. मुंबईत आपलीच माणसे राहतात, तीही प्यायलाच हवीत. दुसऱ्याचा जीव वाचावा म्हणून निरोगी माणसाने दोन दिवस आपले शरीर उसने द्यावे, यात आम्हाला पाप दिसत नाही. मोबदला घेण्यातही दिसत नाही. हमाल पाठ देतो, शिक्षक घसा देतो, हा रक्त देतो. घामाची मजुरी हलाल आणि रक्ताच्या नमुन्याची हराम, असे म्हणणाऱ्याने आधी त्या घरची फी भरावी.

अडचण मोबदल्याच्या आकड्यात नाही, तो कशासाठी दिला जातो त्यात आहे. चाचणी पूर्ण करणाऱ्याला पैसे मिळतात. तेराव्या पानावर खरे लिहिणाऱ्याला काही मिळत नाही. मग व्यवस्थेने खरे बोलण्याला दंड ठेवला आणि खोटे बोलण्याला बक्षीस, असे झाले नाही का? दोन्ही ठिकाणी मनुष्य तोच, नियत तीच. जो खरे सांगून परत जातो, त्यालाही त्या दिवसाची मजुरी आणि गाडीभाडे द्यावे. औषध बनवणाऱ्याला तो खर्च काहीच नाही. उलट त्यातून त्याला खरा आकडा मिळतो. परत पाठवलेल्या माणसाने चाचणीला काहीच दिले नाही असे कसे म्हणता येईल? त्याने तर तिची अब्रू राखली. आणि 'नाही' म्हटल्याने ज्याची चूल विझत नाही, त्याचाच 'हो' आपल्याला आगाखानांच्या 'हो'च्या शेजारी बसवता येतो. बाकीचे होकार भायखळ्याच्या तुरुंगातले.

त्याच्या भावाची फी पुढे कशी भरली गेली, ते सांगायला नको.

तीन महिने उलटल्यावर तो पुन्हा आला. हातात नवा फॉर्म, या वेळी बावीस पानांचा. अम्मीचे मन नव्हते, पण तो जाणार होता. आम्ही अडवले नाही. आमच्याजवळ अडवण्याइतका पर्याय कुठे होता? व्हरांड्यात बसून पुन्हा वाचले. या वेळी आम्हाला फार बोलावे लागले नाही. तोच एकेक पान उलटत सांगत होता, हे असं, हे असं. मागच्या चाचणीचा रकाना त्याने स्वतःच भरला, तारखेसह. शेवटच्या पानावर आल्यावर तो पुन्हा मागे गेला, काहीतरी शोधू लागला.

"काय पाहतोस?"

"सर, दोन्ही गोळ्या एकत्र घेतल्यावर काय होतं, हे त्यांनाही माहीत नाही, म्हणूनच आपल्याला बोलावतात ना?"

"हो."

"मग निकाल लागल्यावर मला कळवणार का?"

आम्ही दोघांनी मिळून बावीस पाने पाहिली. सापडले नाही. आम्ही म्हणालो, सही करायच्या आधी हे विचार. त्याने आमच्याकडून पेन्सिल घेतली आणि फॉर्मच्या कोऱ्या पाठीवर तो प्रश्न लिहून घेतला, उर्दूत.